कापसाखालची मिळकत

मंगरूळपीरच्या किफायतनगरात चोवीस खोल्या, आणि त्या चोवीस खोल्यांत मिळून खरं बोलणारा माणूस एकच, असं इब्राहीम पिंजाऱ्याचं ठाम मत होतं. तो एक कोण, हे तो कधी बोलून दाखवत नसे. सांगताना स्वतःच्या दाढीवरून हात मात्र फिरवी.

किफायतनगर म्हणजे एका संस्थेने गोरगरिबांसाठी बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांची लाइन. इथलं भाडं खोलीवर ठरत नसे, माणसाच्या मिळकतीवर ठरे. घरात महिन्याला बारा हजारांपर्यंत येत असतील तर पहिली पायरी, भाडं चारशे. बारा ते वीसच्या मधे दुसरी पायरी, भाडं नऊशे. वीसच्या वर गेलात की तिसरी पायरी आणि सरळ दोन हजार. वर आणखी एक कलम होतं: सलग दोन वर्षं तिसऱ्या पायरीवर राहिलात तर खोली खाली करायची. तुमचं बरं चाललंय ना, मग जा बाहेर, येऊ द्या दुसऱ्या गरजूला. दर फेब्रुवारीत फॉर्म भरायचा आणि नंतर वाशीमच्या ऑफिसातून कोणीतरी पाहणीला यायचं.

आता भाडं मिळकतीवर ठरतं म्हटल्यावर मिळकत किती सांगायची, हे काय कोणाला शिकवावं लागतं? फॉर्म हातात पडला की अख्खी लाइन एका दुपारीत गरीब होऊन जायची. गावाबाहेर बटईच्या, म्हणजे वाट्याने केलेल्या वावरात भाजीपाला पिकवणारे बापूराव ‘टमाट्याले भाव नाही’ असं फॉर्मच्या चारही कोपऱ्यांत लिहीत. संघपाल ‘ऑटो बंद हाय’ असं लिही, आणि त्याच ऑटोत बसून फॉर्म जमा करायला जाई!

इब्राहीमचं तसं नव्हतं. तो गाद्या-रजया भरणारा पिंजारी. लगीनसराईत महिन्याचे वीस हजारही सुटायचे, पावसाळ्यात दोन हजारांची मारामार. वर्षाची सरासरी अकरा हजार पडायची, आणि तो अकरा हजारच लिहायचा, बारा वर्षं झाली, एक रुपया इकडचा तिकडे नाही. अकरा हजार पहिल्या पायरीत बसतात म्हणून खरं लिहायला जड जात नाही, असं त्याची बायको ताजबी म्हणायची. म्हणजे मनातल्या मनात.

पण एक गोष्ट इब्राहीमही जाणून होता. पिंजाऱ्याला भाड्याने घर कोणी देत नाही. मशीनचा आवाज, वर कापसाचं भुसकट. शेजारीपाजारी महिन्याभरात घरमालकाच्या दारात उभे राहतात. किफायतनगरात त्याची खोली कोपऱ्याची, मागे टिनाचं शेड, शेडमधे पिंजायचं मशीन आणि रुईचा ढीग. ही खोली गेली म्हणजे धंदाच गेला. भाड्याचं कसंही निभेल, तिसऱ्या पायरीचं नाव मात्र तो घरात कोणाला काढू देत नसे.

यंदा पाहणीच्या आधी लाइनीत एक बातमी फिरली. जुने साहेब चहा पिऊन, सुपारी खाऊन, दारातूनच सही करून जायचे. ते निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी कोणी रत्नमाला मॅडम येणार. मॅडम घरात शिरतात, मोबाइलवर फोटो काढतात, आणि ज्याच्या घरी फ्रिज दिसला तो गेला तिसऱ्या पायरीवर! ही बातमी आणली संघपालने. त्याला कोणी सांगितली, ते त्यालाही नीट सांगता येईना. तरी लाइनीचं धाबं दणाणलं.

सकाळी बापूरावांची गिरजाबाई पदर खोचून इब्राहीमच्या दारात हजर. मागे संघपाल, त्याच्यामागे आणखी चार-पाच जणं.

“इब्राहीमभाऊ, तुमचं शेड पाह्यजे होतं बावा. दुपारपुरतं.”

“कायले?”

“थोडं सामान ठेवाचं हाय. रुईखाली. तुमच्या घरात कोनी डोकावते का? तुमी सच्चे मानूस.”

“म्हंजे मी सच्चा हाय म्हनून तुमची लबाडी माह्या घरात?” इब्राहीम उखडला. “नाही जमत! मले विचारलं तं मी खरं सांगून टाकीन.”

“विचारलं तं ना!” संघपाल म्हणाला. “तुमाले कोन विचारते?”

इब्राहीम आणखी दोन शब्द सुनावणार, तेवढ्यात आतून ताजबीच म्हणाली, “ठेवू द्या ना अजी. शेजारपाजार हाय. पोरीच्या टायफाइडात गिरजाबाई चार दिवस दवाखान्यात बसल्या होत्या, इसरले का?”

ताजबी एवढ्या चटकन कशी पाघळली, याचं इब्राहीमला जरा नवल वाटलं. एरवी शेडात कोणी चप्पल काढली तरी ती घर डोक्यावर घेते. पण टायफाइडाचं नाव निघाल्यावर नाही म्हणायची सोय उरली नाही. त्याने आपल्या परीने तोड काढली.

“मी पाहनारच नाही,” तो टोपी घालत म्हणाला. “कोनी काय आनलं, किती आनलं, मले मालूम नको. मालूमच नाही तं खोटं बोलाची वेळच नाही येनार.”

आणि हा सच्चा माणूस चौकातल्या टपरीवर जाऊन तासभर चहा पीत बसला.

परत आला तर शेडातल्या रुईचा ढीग छताला टेकलेला. केनवडच्या एका लग्नासाठी त्याने चांगली पन्नास किलो रुई पिंजून ठेवली होती. आता ती पाच क्विंटलची दिसत होती. इब्राहीमने मान दुसरीकडे फिरवली आणि सुईत दोरा ओवत बसला.

मॅडम स्कूटीवर आल्या. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडला तेव्हा दिसलं, पस्तिशीची, हसरी बाई. खोलीखोलीत जाऊन दोन मिनिटं बसत होत्या, फोटो काढत होत्या, फॉर्मशी ताडून पाहत होत्या. किफायतनगरात त्या दिवशी फ्रिज नव्हता, कूलर नव्हता. संघपालच्या भिंतीवर टीव्हीचा पांढरा चौकोन तेवढा उरला होता, तो त्याने कॅलेंडर लावून झाकला. मॅडमनी त्याचाही फोटो काढला.

शेवटची खोली इब्राहीमची. लाइनीतली सगळी मंडळी काहीतरी काम काढून आजूबाजूला रेंगाळत होती.

“इब्राहीमभाई, तुमचं नाव ऐकलंय ऑफिसात,” मॅडम म्हणाल्या. “जुने साहेब जाताना सांगून गेले, यांचा फॉर्म तपासायचीसुद्धा गरज नाही.”

इब्राहीमची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी ताणली गेली. मॅडमनी सही केली. पेनाला टोपण लावलं. बाहेर गिरजाबाईने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि इथेच सगळं संपायला हवं होतं.

“एक वैयक्तिक काम होतं,” मॅडम उठता उठता म्हणाल्या. “माझ्या आईची कंबर धरते. तिच्यासाठी गादी भरून हवी होती. बाजारात काय देतात, वरून नवी रुई आणि आत जुनी. तुमच्याकडे चांगली मिळेल ना?”

आता हे इब्राहीमला विचारायचं? तीस वर्षांत असं ज्याने ज्याने विचारलं, त्याला त्याने एकच उत्तर दिलं होतं. पिंजाऱ्याच्या दुकानात रुई डोळ्यांनी पाहत नाहीत. गिऱ्हाईक ढिगात कोपरापर्यंत हात घालतं, आत ओल लागते का, जुना गोळा लागतो का, चाचपून पाहतं. कच्चा पिंजारी त्या वेळी गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवतो. इब्राहीम उलट हात धरून ढिगाकडे नेतो. ते त्याचं भूषण होतं, आणि भूषण जागं झालं की माणसाची अक्कल कुठे जाते देव जाणे!

“माह्याकडे वरून एक आन् आतून एक असं नाही मॅडम,” तो ताडकन उठला आणि शेडाकडे निघाला. “या इकडं. हात घालून पाहा! पार खांद्यापर्यंत घाला!”

“अजी!” ताजबी ओरडली. उशीर झाला होता.

मॅडमनी बाही सरकवली आणि हात घातला. घातला तो तिथेच थांबला.

“इब्राहीमभाई, गार लागतंय हो. आणि कडक.”

त्यांनी हात बाहेर ओढला. त्याबरोबर रुई ढासळली आणि लाल रंगाचा फ्रिज उघडा पडला. तो उघडा पडला म्हणून त्याच्या टेकूने उभा असलेला टीव्ही घसरला, तो धरायला इब्राहीम धावला, त्याचा पाय कूलरच्या वायरीत अडकला, आणि उरलीसुरली रुई दोघांच्या अंगावर आली. मॅडम शिंकल्या. शिंका थांबल्यावर त्यांनी मोजलं. दोन फ्रिज, एक टीव्ही, तीन कूलर, दोन मिक्सर आणि एक पांढरी वॉशिंग मशीन.

“हे सगळं तुमचं?”

“नाही जी.”

“मग कोणाचं?”

विचारलं तर खरं सांगीन, असं इब्राहीम सकाळी मोठ्या तोंडाने म्हणाला होता. पण खरं सांगायचं म्हणजे गिरजाबाईला पकडून द्यायचं, संघपालला पकडून द्यायचं. तो कपाळावरची रुई पुसत राहिला.

“माह्यं नाही, एवढं खरं हाय,” तो शेवटी म्हणाला. “कोनाचं, ते माह्या तोंडून नाही निघनार.”

मॅडमचा चेहरा पडला. त्यांना हे काम आवडत नव्हतं, ते दिसत होतं. “भाई, फॉर्ममधे फ्रिजचा रकानासुद्धा नाही. दारात ठेवला असता तर मी पाहिलाही नसता. पण लपवलेला सापडला, तर मला शेरा लिहावा लागतो. मग चौकशी होईपर्यंत तुम्ही तिसऱ्या पायरीवर. दोन हजार भाडं. आणि चौकशी कधी कधी दोन-दोन वर्षं चालते.”

दोन वर्षं म्हणजे काय, ते कोणाला उलगडून सांगायची गरज नव्हती. इब्राहीमने शेडाच्या दारात उभ्या असलेल्या लाइनीकडे पाहिलं. संघपालला चपलेचा अंगठा एकदम मोडका दिसायला लागला. बापूरावांनी खाकरून घेतलं. गिरजाबाईने पदराचा कोपरा तोंडात धरला. बारा वर्षं ज्यांच्या मुलांच्या लग्नात गाद्या उधार भरून दिल्या, त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून ब्र निघेना. इब्राहीमला राग आला नाही, वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

राग आला तो ताजबीला.

“लिवा मॅडम!” ती पुढे झाली. “सारं आमचं. दोन फ्रिज, तीन कूलर, टीव्ही, समदं लिवा आमच्या नावावर. दोन हजार भाडं भरतो आमी. आन् आमचं लिवलं तं आमचंच झालं ना? आत्ताच्या आत्ता भंगारवाल्याले बोलावते. एकेक वस्तू इकते आन् भाडं भरते!”

“ओ ताजबी, इकते म्हंजे?” गिरजाबाईच्या तोंडातला पदर सुटला.

“इकते म्हंजे इकते! तुमाले काय करा लागते? तुमचं हाय का काही?”

“लाल फ्रिज माहा हाय ना वो! मुकेशच्या पैशाचा! पोरगं पुन्याहून महिन्याले सात हजार धाडते, त्यातून पै पै जमवून...” एवढं बोलल्यावर गिरजाबाईच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. बापूरावांनी कपाळाला हात लावला.

“सात हजार,” मॅडमनी लिहिलं.

मग धरबंध राहिला नाही. टीव्ही आपला आहे, आणि ऑटोच्या शाळेच्या फेऱ्यांतून घेतला आहे, हे संघपालने एका दमात सांगून टाकलं. ऑटो कधीपासून चालू आहे, हेही त्यात आलं. कूलरवाले आले, मिक्सरवाल्या आल्या. वस्तू आपली आहे हे पटवायचं तर ती कशातून घेतली ते सांगावं लागत होतं, आणि ते सांगितलं की मॅडमचं पेन चालत होतं. दुसरा फ्रिज कोणाचा यावरून दोन घरांत तूतू-मैंमैं झाली, तीही मॅडमनीच बिलाची पावती पाहून मिटवली. अर्ध्या तासात शेड रिकामं झालं आणि अर्धं किफायतनगर एकेक पायरी वर चढलं.

उरली ती पांढरी वॉशिंग मशीन.

“गिरजाबाई, मशीन बी तुमचीच ना?” इब्राहीम म्हणाला. त्याचा जीव आता भांड्यात पडला होता, आवाजही चढला होता. “घेऊन जा. आता लपवाचं काय उरलं हाय?”

“माही नाही,” गिरजाबाई म्हणाली. “माह्या घरात होती, पन माही नाही.” आणि तिने ताजबीकडे पाहिलं.

ताजबी रुई गोळा करायला खाली बसली. इतका वेळ भंगारवाल्याला बोलावणारी बाई एकाएकी गप्प झाली, तेव्हा इब्राहीमला कसंसंच झालं.

“माही हाय, अब्बा.”

दारात आयत उभी होती. त्याची लेक. लॅब टेक्निशियनचा कोर्स करून ती चौकातल्या रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमधे शिकायला जायची. शिकाऊ पोरगी, हाताला वळण लागतंय, पैसे वगैरे काही नाही, असं इब्राहीमला माहीत होतं. ती जेवायला घरी आली होती आणि गर्दी पाहून थबकली होती.

“तुही? पैशे कुठून आले?”

“पगारातून. दिवाळीपासून आठ हजार देते लॅबवाले. अम्मीचे हात पाह्यले का तुमी? गाद्यांच्या खोळा धू-धू करून भेगा पडल्या. म्हनून घेतली. घरी ठेवली असती तं तुमाले दिसली असती, म्हनून गिरजामावशीकडे ठेवली. अम्मी तिथंच जाऊन धुते.”

“मंग मले काहून नाही सांगितलं?”

उत्तर ताजबीने दिलं, खाली मान घालूनच. “तुमी फॉर्मवर लिवलं असतं.”

“लिवलंच असतं!”

“तेच तं म्हनते मी.”

इब्राहीम गादीच्या कोऱ्या कापडावर बसला. आठ दिवसांपूर्वीच त्याने फॉर्म भरला होता. ‘घरात कमावणारी माणसं: एक’. खाली सही, चांगली लांबलचक. म्हणजे बारा वर्षं खरं लिहून तेराव्या वर्षी त्याच्याच घरातला कागद खोटा निघाला. पण खरं सांगायचं तर त्याला ते टोचलं नाही. टोचलं ते वेगळंच. पोरीला पहिला पगार झाला, आणि बापाला सांगायची तिला भीती वाटली.

“पेढे वाटले होते का?” त्याने विचारलं. “पह्यल्या पगाराचे?”

आयतने अम्मीकडे पाहिलं.

“वाटले होते,” संघपाल हळूच म्हणाला. “आमी खाल्ले. समद्या लाइनीनं खाल्ले.”

“मी सोडून!” इब्राहीमचा आवाज फाटला. “चोवीस खोल्यांनी खाल्ले, आन् बाप सोडून!”

आयत रडायला लागली, मग ताजबीही. मॅडमनी घसा साफ केला. फॉर्म पुन्हा उघडला आणि अगदी हळू आवाजात बोलल्या.

“हे बघा, एक सोय आहे. शिकाऊ मुलांना मिळतात ते पैसे आम्ही मिळकतीत धरत नाही. मुलगी शिकाऊ असेल तर तुमचं भाडं चारशेच राहील. शिकाऊ आहे ना?”

“शिकाऊ! शिकाऊच हाय!” लाइन एका सुरात म्हणाली. मघाशी तोंडं शिवलेली, आता बघा! गिरजाबाई तर म्हणाली, “कालपरवाची पोरगी ते, तिले काय येते?”

आयतने डोळे पुसले आणि बापाकडे पाहिलं. ताजबीने रुईने माखलेले हात जोडून त्याला नुसतीच खूण केली, म्हणा ना अजी, एवढं एकदा म्हणा. अकरा अधिक आठ एकोणीस होतात, दुसरी पायरी होते, महिन्याला पाचशे वाढतात, हे ताजबीचं गणित केव्हाच करून झालं होतं. इब्राहीमचंही झालं होतं. पाचशे रुपये म्हणजे एक अख्खी रजई भरायची मजुरी.

“बेटा,” तो म्हणाला, “तू शिकाऊ हायेस का?”

“नाही अब्बा. पक्की हाय. जानेवारीपासून दोन नवीन पोरी आल्या, त्याइले मीच शिकवते.”

“तू शिकवते?”

“हो.”

इब्राहीमने मॅडमच्या हातातून पेन जवळजवळ हिसकावून घेतलं. ‘एक’ खोडलं. ‘दोन’ लिहिलं. त्याने भागेना, म्हणून पुढे ‘आयत इब्राहीम, पक्की’ असंही लिहिलं, आणि ती अक्षरं रकान्याबाहेर गेली तेव्हा मॅडमनी त्याला थांबवलं नाही.

संध्याकाळी तो टपरीवर गेला. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी त्याने बाकावर बसता बसताच सांगितलं, “आमचं भाडं वाढलं बावा. चारशेचं नऊशे.”

“अरेरे,” टपरीवाला म्हणाला. “पार दुपटीच्या वर? फार झालं इब्राहीमभाऊ.”

“अरेरे कायले?” इब्राहीम खवळला. “पोरगी कमावते माही! चहा दे सगळ्याइले.”